अंडर-१७ मुलींची फुटबॉल स्पर्धा भरवायची तर: सातारा-सांगलीच्या मैदानांसाठी

ऑक्टोबर २०२२ मध्ये मुलींचा अंडर-१७ वर्ल्ड कप भारतात झाला. भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबईत सामने झाले आणि अंतिम सामन्यात स्पेनने कोलंबियाला १-० ने हरवलं. त्या स्पर्धेतल्या काही गोष्टी साताऱ्यात किंवा सांगलीत जशाच्या तशा उचलता येतात: वयाची अट, गटांची मांडणी, बरोबरी सोडवायचे नियम, कार्डांचा हिशोब. बाकीच्यांना इथल्या मातीप्रमाणे, एसटीच्या वेळांप्रमाणे आणि दिवसाच्या उजेडाप्रमाणे कात्री लावावी लागते. कुठे उचलायचं आणि कुठे कापायचं, ते पुढे दिलं आहे.

संघ आणि दिवस

२०२२ ला १६ संघ, ४ गट आणि ३२ सामने होते. २०२५ पासून ही स्पर्धा दरवर्षी होते आणि संघ २४ झाले. आपल्याला ८ संघ पुरे. चार-चार संघांचे दोन गट केले की साखळीचे १२ सामने, उपांत्य २, तिसऱ्या क्रमांकाचा १ आणि अंतिम १, असे एकूण १६ होतात.

पहिल्या फेरीपासून बाद पद्धत ठेवू नका. जतहून पहाटे निघालेला संघ एक सामना हरून दुपारी परत फिरला, तर पुढच्या वर्षी ती शाळा प्रवेशिका भरणार नाही. साखळीत प्रत्येक मुलीला निदान तीन सामने मिळतात. तीन-तीनचे गट कागदावर स्वस्त दिसतात, पण त्यात एक संघ नेहमी बसून राहतो आणि शेवटचा सामना खेळणाऱ्या दोघांना नेमका किती निकाल पुरतो ते आधीच कळलेलं असतं.

हंगाम नोव्हेंबरचा मध्य ते जानेवारीची सुरुवात. जून ते सप्टेंबर मैदानात पाणी, त्यानंतर शालेय स्पर्धा आणि दिवाळी, फेब्रुवारीत दहावी-बारावीच्या परीक्षा. उरतो तो हाच काळ. अडचण एकच, याच दिवसांत कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू असतो. अंधार पडल्यावर कराड, इस्लामपूर, पलूसच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर असतात आणि बऱ्याच ट्रॉल्यांना मागे दिवाही नसतो. म्हणून शेवटचा सामना संपायची वेळ संघांच्या परतीच्या वाटेवरून ठरवा.

डिसेंबरात सूर्य साधारण सातला उगवतो आणि सहाला मावळतो. ३५-३५ मिनिटांचे दोन डाव, १० मिनिटांची विश्रांती आणि वाया गेलेल्या वेळेची पाचेक मिनिटं धरली, तर एक सामना ८५ मिनिटांचा होतो. (वर्ल्ड कपमध्ये याच वयाच्या मुली पूर्ण ९० मिनिटं खेळतात, पण त्यांची वर्षभराची तयारी असते. आपल्याकडच्या शाळेच्या संघाला ७० मिनिटं भरपूर झाली.) एका मैदानावर दिवसाला चार सामने बसतात: ८.००, ९.४५, २.३० आणि ४.१५. शेवटचा ५.४० ला संपतो. अकरा ते अडीच मैदान मोकळं ठेवा. तेवढ्या वेळात जेवणं होतात, फक्की पुन्हा मारून होते आणि सकाळी झालेला उशीरही भरून निघतो. लांबच्या संघाला ९.४५ किंवा २.३० ची वेळ द्या. म्हसवडच्या मुलींना साताऱ्यात सकाळी आठला उभं करायचं म्हणजे त्यांना पहाटे चारला उठवायचं.

पहिल्या शनिवार-रविवारी पहिल्या दोन फेऱ्या, दुसऱ्या शनिवारी तिसरी फेरी, रविवारी उपांत्य आणि तिसऱ्या रविवारी अंतिम, असे पाच दिवस पुरतात. २०२२ ला भारताच्या मुली ११, १४ आणि १७ ऑक्टोबरला खेळल्या, म्हणजे दर दोन सामन्यांमध्ये दोन दिवस मोकळे होते. आपल्याला सलग दोन दिवस खेळवावं लागतं, त्यामुळे एका दिवशी एका संघाचा एकच सामना हा नियम कोणाच्याही आग्रहाखातर मोडू नका. थकलेल्या पायांनी खेळताना गुडघा वळतो आणि पोरगी वर्षभर घरी बसते.

फेऱ्यांचा क्रम ठरलेला आहे. गटातल्या संघांना १ ते ४ क्रमांक द्या. पहिली फेरी १-२ आणि ३-४, दुसरी १-३ आणि २-४, तिसरी १-४ आणि २-३. तिसऱ्या फेरीत एका गटाचे दोन्ही सामने एकाच वेळी सुरू झाले पाहिजेत. १९८२ च्या पुरुषांच्या वर्ल्ड कपमध्ये तसं नव्हतं. पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांना आदल्या दिवशीच्या निकालावरून गणित कळलं होतं. जर्मनीने एक गोल केल्यावर दोघांचंही काम भागत होतं, म्हणून दोघांनी वेळ काढला आणि अल्जीरिया बाहेर गेला. फक्त त्या एका शनिवारी जवळच्या शाळेचं मैदान मागून घ्या. दोन मैदानं असली की ८.०० ला एक गट, ९.४५ ला दुसरा, आणि अकरा-सव्वाअकराला सगळे मोकळे.

लॉट्स पाडताना आधीच्या वर्षीचे दोन अव्वल संघ वेगवेगळ्या गटांत ठेवा आणि बाकी चिठ्ठ्या सगळ्या प्रशिक्षकांसमोर उघडा. एकाच शाळेचे किंवा एकाच तालुक्याचे दोन संघ एका गटात आले, तर दुसऱ्याची चिठ्ठी पलीकडच्या गटात टाकायची, हे आधी सांगून ठेवा.

वय

भांडणं सगळ्यात जास्त इथे होतात. वर्ल्ड कपची अट सोपी आहे. स्पर्धेच्या कॅलेंडर वर्षात मुलीचं वय १७ च्या वर जाता कामा नये. २०२२ ला १ जानेवारी २००५ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुली चालल्या. त्याच हिशोबाने २०२६ साठी १ जानेवारी २००९ ही तारीख येते. परिपत्रकात ‘१७ वर्षांखालील’ एवढंच न लिहिता ही तारीख पूर्ण लिहा. स्पर्धा डिसेंबरात सुरू होऊन जानेवारीत संपणार असेल, तर कोणतं वर्ष धरायचं तेही लिहा, नाहीतर दोन प्रशिक्षक दोन अर्थ काढतील आणि दोघेही बरोबरच असतील. खालची अटही ठेवा, १३ पूर्ण. अकरा वर्षांची चपळ पोर सतरा वर्षांच्या बचावपटूसमोर उभी राहिली की धडकेत तिचाच हात मोडतो.

कागद तीन: जन्मदाखला, शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा आणि मूळ आधार. जन्मदाखल्यावर जन्मतारीख बघण्याआधी नोंदणीची तारीख बघा. जन्म २००९ चा आणि नोंद २०२१ ची असेल, तर रजिस्टरच्या उताऱ्याशी ताडून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. आधारवरची तारीख बदलून घेता येते, म्हणून एकटं आधार पुरेसं धरू नका. ही पडताळणी लॉट्सच्या आधी संपवा. सामन्याच्या दिवशी कागद तपासायला बसलात, तर एका बाजूला पालक आणि दुसऱ्या बाजूला वाट बघणारे रेफ्री, अशा गर्दीत चुकीचा निर्णय होतो.

वर्ल्ड कपमध्ये संघ २१ जणींचा असतो आणि त्यात तीन गोलकीपर लागतात. इथे १८ आणि दोन गोलकीपर ठेवा.

मैदान

साताऱ्याचं शाहू स्टेडियम, सांगलीचं किंवा कराडचं शिवाजी स्टेडियम, नाहीतर एखाद्या शाळेचं पटांगण. कुठलंही घेतलं तरी त्याच मैदानावर कबड्डी, क्रिकेट, पोलीस भरतीचा सराव असं सगळं चालतं. परवानगीचा अर्ज दीड महिना आधी द्या आणि मैदानावरच्या वेळा लेखी घ्या.

आखणीसाठी १०५ × ६८ मीटर हे आंतरराष्ट्रीय माप. शाळेच्या मुलींना ९५ × ६० बरं पडतं आणि नियमातही बसतं, कारण लांबी ९० ते १२० आणि रुंदी ४५ ते ९० चालते. काटकोन डोळ्यांनी धरू नका. कोपऱ्यात खुंटी ठोका, एका बाजूला ६ मीटर आणि दुसऱ्या बाजूला ८ मीटर मोजा. तिरकं अंतर बरोबर १० आलं तर कोन साधला. चारही कोपरे झाले की कर्ण मोजा. ९५ × ६० च्या मैदानाचा कर्ण ११२.३६ मीटर येतो आणि दोन्ही कर्णांत एक वीतभर फरक असला तरी सुतळी सोडून पुन्हा धरा. आता गोललाइनवर एका कोपऱ्यातून टेप टाका: ९.८४ मीटरवर पेनल्टी क्षेत्राची रेघ, २०.८४ वर गोल क्षेत्राची, २६.३४ वर खांबाची आतली कड. दुसऱ्या कोपऱ्यातूनही हीच मापं. पेनल्टी क्षेत्र १६.५ मीटर आत, गोल क्षेत्र ५.५, पेनल्टीचा ठिपका ११ मीटरवर. त्या ठिपक्यावर खुंटी ठोकून ९.१५ मीटरच्या सुतळीने बाहेरचा कंस काढा. त्याच सुतळीने मधलं वर्तुळ होतं. रेघ १२ सेंटिमीटरपेक्षा जाड नको आणि सगळ्या रेघा सारख्याच जाडीच्या हव्यात. एकूण रेघ पावणेसातशे मीटरच्या आसपास भरते. पंचवीस किलोच्या तीन गोण्या हाताशी ठेवा.

त्या गोण्या कशाच्या, ते मात्र नीट बघून घ्या. फक्की खडूच्या किंवा चुनखडीच्या पुडीची हवी. बांधकामाचा चुना स्वस्त मिळतो आणि दिसायलाही तसाच, पण घामाने किंवा दवाने ओला झाला की कातडी भाजतो आणि डोळ्यात गेला तर दवाखाना गाठावा लागतो. रेघेवर घसरत पडणाऱ्या गोलकीपरचं तोंड नेमकं तिथेच येतं.

माती तालुक्यागणिक बदलते. कृष्णाकाठच्या वाळवा-पलूसच्या काळ्या मातीला डिसेंबरात भेगा पडायला लागतात. बूट अडकण्याएवढी भेग दिसली की पोयटा भरून ठोका. स्पर्धेच्या दोन दिवस आधी संध्याकाळी हलकं पाणी मारा आणि आदल्या दिवशी रूळ फिरवा. सामन्याच्या सकाळी पाणी मारलं तर काळी माती बुटाला चिकटून पाय जड होतो. जत, आटपाडी, माण, खटावकडे मुरूम असतो. तिथे दहा-बारा जणांची आडवी रांग करून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खडे वेचत जा, मग आडव्या दिशेने पुन्हा. मैदानाच्या मध्यात सिमेंटची क्रिकेट पिच असेल तर दुसरं मैदान बघा. तिच्यावर मॅट टाकून भागत नाही, कारण कड राहतेच.

गोलपोस्ट ७.३२ × २.४४ मीटर. गावच्या फॅब्रिकेटरकडून पाइपचे करून घेतले, तर आडवा पाइप मध्यभागी वाकतो. तिथेच २.४४ ची काठी उभी करून बघा. हलवता येणारा पोस्ट असेल, तर मागच्या पाइपवर वाळूची पोती आणि दोन्ही बाजूंना लोखंडी खुंट्या, दोन्ही लागतात. वर लोंबकळणाऱ्या मुलावर पोस्ट उलटून जीव गेल्याच्या घटना जगभर झालेल्या आहेत. जाळी बांधायला तारेचे आकडे नकोत, नायलॉनची दोरी वापरा.

चेंडू ५ नंबरचा, घेर ६८ ते ७० सेंटिमीटर, वजन ४१० ते ४५० ग्रॅम. हवेचा दाब नियमात साधारण ८.५ ते १५.६ पीएसआय असा मोकळा आहे. कडक मैदानावर ९-१० ठेवा. त्याहून घट्ट चेंडू मुरमावर डोक्याएवढा उसळतो आणि सामना डोक्यानेच खेळला जातो. सहा चेंडू, दोन पंप, एक प्रेशर गेज आणि चार-पाच सुया घ्या. सुई कोरडी घातली की व्हॉल्व्ह फाटतो.

मुलींसाठी वेगळं काय लागतं

बक्षिसं, बॅनर, पाहुणे यांच्या आधी हे जमवा, कारण आई-वडील पुढच्या वर्षी मुलीला पाठवतात की नाही ते इथेच ठरतं. कपडे बदलायला आतून कडी लागणारी खोली हवी, आणि खोल्या कमी असतील तर संघांच्या वेळा लावून द्या. तिच्यात पुरुषाने जायचं नाही, प्रशिक्षकानेही नाही, अगदी गळक्या नळासाठीसुद्धा नाही. स्वच्छतागृहात वाहतं पाणी, झाकणाचा डबा आणि पॅडचा पुडा सकाळी आठच्या आत पोचलेला असावा. प्रत्येक संघाबरोबर एक महिला व्यवस्थापक सक्तीची करा. पालकांचं संमतिपत्र घ्या आणि त्यात फोटोंची परवानगी वेगळ्या ओळीत विचारा.

गणवेश छापताना पांढरी चड्डी निवडू नका. २०२३ च्या महिला वर्ल्ड कपमध्ये इंग्लंडचा संघ पाळीच्या काळजीपोटी पांढऱ्या चड्ड्या सोडून निळ्या घालून खेळला. आपल्याकडे तर काळा-निळा रंग मातीलाही बरा. लेगिंग घालून खेळायची मुभा नियमातच आहे, फक्त तिचा रंग चड्डीच्या मुख्य रंगाचा हवा. डोक्यावर स्कार्फही चालतो, त्याचा रंग काळा किंवा जर्सीच्या मुख्य रंगाचा हवा आणि त्याला पिन किंवा टाचणी नको. घरच्यांना हे आधी सांगितलं तर निम्मे आक्षेप तिथेच गळून पडतात.

दागिन्यांचा नियम मात्र कडक आहे. कानातलं, चमकी, पैंजण, मनगटाचा धागा, कमरेचा दोरा, काहीच चालत नाही. वर चिकटपट्टी लावूनही चालत नाही. नवीन टोचलेलं नाक असेल तर चमकी काढता येत नाही आणि मुलगी रेफ्रीसमोर रडवेली उभी राहते. परिपत्रक दोन महिने आधी जातं, त्यात ही ओळ ठळक टाका. पायाला शिन गार्ड हवेतच. वीसेक जोड्या संयोजकांनी ठेवाव्यात, कारण कोणीतरी विसरतंच. अनवाणी खेळता येत नाही. कडक मैदानावर स्क्रूचे लोखंडी स्टड नकोत, साचातले रबरी स्टड घाला.

गुडघ्याचं एसीएल लिगामेंट मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त वेळा तुटतं. फिफाचा ‘११ प्लस’ हा वॉर्मअप त्यासाठीच आहे: आठ मिनिटं धावणं, दहा मिनिटं ताकद, तोल आणि उड्या, दोन मिनिटं वेगाने धावणं. उडीनंतर जमिनीवर येताना गुडघे आत वळू द्यायचे नाहीत, एवढं एक जरी मुलींच्या अंगात उतरलं तरी पुष्कळ. त्यासाठी प्रत्येक संघाला सामन्याआधी २५ मिनिटं मोकळी जागा द्या.

मैदानावर डॉक्टर किंवा प्रशिक्षित नर्स, स्ट्रेचर, बर्फाचा डबा आणि १०८ ची गाडी येईल असं उघडं फाटक हवं. फाटकासमोर पाहुण्यांच्या गाड्या लागतात, त्या लावू देऊ नका. डोक्याला मार लागून मुलगी भांबावली, उलटी झाली किंवा स्कोअर सांगता आला नाही, तर त्या दिवशी ती पुन्हा मैदानात जात नाही. ‘आता बरं वाटतंय’ म्हणाली तरी नाही.

जेवण सामन्याच्या तीन तास आधी: वरण-भात, पोळी, कमी तिखट भाजी. तासभर आधी केळं. वडापाव आणि भडंग सामना झाल्यावर.

रेफ्री आणि नियमपत्रक

दिवसाला चार सामन्यांना सहा अधिकारी लागतात, तीन-तीनच्या दोन जोड्या. जवळ कोल्हापूर असल्याने नियम जाणणारे रेफ्री मिळतात, पण त्यांच्याकडेही याच दिवसांत सामने असतात. जिल्हा फुटबॉल संघटनेमार्फत महिनाभर आधी तारखा पक्क्या करा आणि मानधन, प्रवास, जेवण लेखी ठरवा. २०२२ ला मैदानावरच्या सगळ्या रेफ्री महिला होत्या. इथे निदान एक तरी असावी.

नियमपत्रक दोन पानांचं करा आणि प्रत्येक व्यवस्थापकाची सही घ्या. त्यात एवढं असलंच पाहिजे:

- विजयाला ३ गुण, बरोबरीला १. गैरहजर संघ ०-३ ने हरला. वाट पाहायची १५ मिनिटं. मैदानात सातपेक्षा कमी खेळाडू उरल्या तर सामना थांबतो.
- संघ मध्येच निघून गेला तर त्याचे साखळीतले सगळे निकाल रद्द.
- एका सामन्यात पाच बदली. शाळेच्या संघांसाठी बाहेर गेलेली मुलगी परत येऊ शकते अशी सवलत ठेवायला हरकत नाही.
- वेगवेगळ्या सामन्यांत दोन पिवळी कार्डं म्हणजे पुढचा सामना नाही. उपांत्य फेरीआधी एकटं पिवळं कार्ड पुसलं जातं.
- २०२५-२६ पासून गोलकीपरने चेंडू आठ सेकंदांपेक्षा जास्त हातात धरला तर समोरच्या संघाला कॉर्नर. आपल्याकडच्या निम्म्या प्रशिक्षकांना अजून जुनी सहा सेकंदांची आठवण आहे, म्हणून वाचून दाखवा.
- तक्रार सामन्यानंतर दोन तासांत, लेखी आणि अनामत रकमेसह.

गुण सारखे झाले तर? २०२२ च्या वर्ल्ड कपमध्ये आधी गोलफरक (केलेले वजा खाल्लेले गोल), मग केलेले गोल, त्यानंतर आपसांतला निकाल असा क्रम होता. शाळेच्या स्पर्धेत हा क्रम उलटा करा, आपसांतला निकाल आधी. कारण गोलफरक पहिला ठेवला की बलवान संघाला दुबळ्यावर गोलांचा पाऊस पाडावाच लागतो. २०२२ ला आपल्या मुली अमेरिकेकडून ८-०, मोरोक्कोकडून ३-० आणि ब्राझीलकडून ५-० ने हरल्या. एवढी तयारी केलेल्या संघाचं हे, तर दोन महिन्यांपूर्वी उभ्या राहिलेल्या शाळेचं काय होईल?

तीन संघ अडकले तर फक्त त्या तिघांचे आपसांतले सामने घेऊन छोटा तक्ता करा. समजा अ ने ब ला २-० हरवलं, ब ने क ला १-०, क ने अ ला १-०, आणि तिघांनीही ड ला हरवलं. तिघांचे गुण सहा. छोट्या तक्त्यात अ अधिक एक, क शून्य, ब उणे एक, म्हणजे अ आणि क पुढे. तरीही सुटलं नाही तर एकूण गोलफरक, मग केलेले गोल, मग कार्डांचे उणे गुण: पिवळं १, दोन पिवळ्यांचं लाल ३, थेट लाल ४, पिवळ्यानंतर थेट लाल ५. त्यानंतर चिठ्ठी.

बाद फेरीत बरोबरी झाली तर वर्ल्ड कपमध्येही या वयोगटाला जादा वेळ देत नाहीत, थेट पेनल्टी. २०२२ च्या उपांत्य सामन्यात नायजेरिया-कोलंबिया ०-० राहिले आणि कोलंबियाने पेनल्टीवर ६-५ ने जिंकलं. आपणही तेच ठेवा, उजेडाचाही प्रश्न सुटतो. शेवटच्या शिट्टीला मैदानात असलेल्या मुलीच किक घेतात. एका बाजूला दहाच उरल्या असतील तर दुसऱ्या संघाने एक नाव कमी करायचं, आणि हे विसरलं की हमखास तक्रार येते. किक मारली जाताना गोलकीपरचा एक पाय रेघेवर, रेघेच्या सरळ वर किंवा रेघेमागे हवा. किक घेणारी आणि दोन्ही गोलकीपर सोडून उरलेल्या सगळ्या मधल्या वर्तुळात.

अंतिम दिवस

तिसऱ्या क्रमांकाचा सामना ९.४५ ला, अंतिम २.३० ला. पेनल्टी धरूनही सव्वाचारला खेळ संपतो. भाषणांना मिळून १५ मिनिटं, आणि ती मुलींना उन्हात उभं करून नाहीत. प्रमाणपत्रावरची नावं जन्मदाखल्याशी जुळवून आदल्या रात्री छापा, कारण ‘वैष्णवी’चं ‘वैश्नवी’ झालेलं प्रमाणपत्र कोणीही फ्रेम करत नाही. दहावीच्या वाढीव गुणांचं आश्वासन देऊ नका. ते शासनमान्य स्पर्धांनाच मिळतात. पाच-सव्वापाचला शेवटची गाडी फाटकाबाहेर पडली पाहिजे. व्यवस्थापकाने मुली मोजून सही केल्याशिवाय कुठलाही संघ सोडू नका. अनामत त्याच सहीबरोबर परत द्या आणि गोलपोस्ट आडवे करून साखळीने बांधून ठेवा.